पावसापाण्यात वापरायला परवडणारी शिकारी रायफल: गंजाचा विचार करून कशी निवडायची आणि कशी सांभाळायची

ओल्या हवेत शिकारीला जाणारा नवीन माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, स्टेनलेस घेऊ का साधी काळी? प्रश्न बरोबरच आहे पण अर्धा आहे. कारण रायफल दिसणाऱ्या जागी फारशी गंजत नाही, तिथे आपण फडकं मारतोच. ती गंजते स्टॉकच्या (लाकडी किंवा प्लास्टिकच्या दस्त्याच्या) आत, स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) बेसखाली, बोल्टच्या (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) पोटातल्या स्प्रिंगवर, म्हणजे जिथे हात जात नाही आणि नजर पण जात नाही तिथे. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: बजेट कमी असेल तर अशी रायफल घ्या जी तुम्हाला स्वतःला, एखाद-दुसऱ्या साध्या हत्याराने, टेबलावर बसून पूर्ण खोलून कोरडी करता येईल. स्टेनलेस, सेराकोट (गंज अडवणारा वरचा थर) वगैरे त्याच्या नंतर. भारीतलं फिनिश तुम्हाला फक्त वेळ मिळवून देतं, पुसायचं काम शेवटी तुम्हालाच आहे.

लायसन्स, सीझन, कुठल्या प्राण्याला कुठलं कॅलिबर चालतं हे सगळं तुमच्या इथल्या कायद्याप्रमाणे आधी बघून घ्या, काही ठिकाणी शिकारच पूर्ण बंद आहे. ते सगळं रीतसर झालंय असं धरून पुढे लिहितोय.

पायरी १: तुमचं पाणी कुठलं ते आधी ठरवा

ओलं म्हणजे सगळं सारखं नसतं. दिवसभर रिपरिप पाऊस आणि रात्री कोरड्या खोलीत परत, हा सगळ्यात सोपा प्रकार, यात साधी ब्लूइंग केलेली (स्टीलवर निळा-काळा थर दिलेली) रायफल पण रोज पुसली तर वर्षानुवर्षं चालते. दुसरा प्रकार तंबूत राहायचा, कपडे ओले, रायफलीची पिशवी ओली, रायफलीला वाळायला वेळच मिळत नाही, इथे स्टेनलेसला मोजलेले जास्तीचे पैसे वसूल होतात. तिसरा बर्फाचा, दिवसा वितळतो आणि रात्री गोठतो, त्यात गंजापेक्षा मोठी डोकेदुखी म्हणजे बोल्टमध्ये शिरलेलं पाणी गोठून फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई) अडकणं. आणि चौथा प्रकार सगळ्यात वाईट, खारं पाणी. समुद्रकिनारा, खाडी, बोटीतला प्रवास. मिठातलं क्लोराइड स्टेनलेसचं संरक्षण पण फोडतं आणि मग गंज पसरत नाही तर एका जागी खोल भोक पाडत आत जातो, ज्याला पिटिंग म्हणतात.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, गंजायला पाऊस लागतच नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या स्टीलवर गंज जोरात धरतो, वरून आपल्या बोटांचा घाम, त्यात पण मीठ. कपाटात ठेवलेल्या रायफलीवर बरोबर अंगठ्याच्या आकाराचा तांबूस डाग दिसतो तो यामुळेच.

पायरी २: धातू आणि त्यावरचा थर

साध्या रायफलीची नळी क्रोम-मॉली स्टीलची असते, बहुतेक वेळा ४१४० किंवा त्याच्या जवळच्या ग्रेडची. दणकट असतं पण गंजतं. त्यावर जे निळं-काळं ब्लूइंग असतं तो म्हणजे लोखंडाचाच एक ऑक्साइड, मॅग्नेटाइट, आणि त्याचा थर इतका पातळ की एकट्याच्या जिवावर तो फार काही वाचवू शकत नाही. त्याचं खरं काम तेल धरून ठेवणं. पावसात तेल धुऊन गेलं की ब्लूइंग जवळपास उघडंच पडलं समजा. पार्करायझिंग म्हणजे फॉस्फेटचा खरखरीत करडा थर, तो तेल जास्त धरतो म्हणून जुन्या लष्करी रायफलींवर तोच दिसतो, पण तेल नसेल तर त्याचाही उपयोग बेताचाच.

आता स्टेनलेस. स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अदृश्य पापुद्रा तयार होतो, ओरखडा पडला तरी हवा लागली की तो परत बनतो, एवढीच स्टेनलेसची करामत. पण रायफलच्या नळीला लागतं ४१६ जातीचं स्टेनलेस, क्रोमियम १२ ते १४ टक्के, आणि मशीनवर सहज कापता यावं म्हणून त्यात मुद्दाम गंधक घातलेलं असतं. हे गंधकच गंजाच्या बाबतीत थोडं नडतं. बोटींवर वापरतात त्या ३१६ मध्ये क्रोमियम १६ ते १८ टक्के आणि वर मॉलिब्डेनम, पण ते उष्णता देऊन कडक करता येत नाही म्हणून नळीला चालत नाही. थोडक्यात रायफलीचं स्टेनलेस हे गंज उशिरा धरणारं स्टेनलेस आहे, अजिबात न धरणारं नाही, आणि विकणारा जर म्हणाला की साहेब याला बघायलाच नको तर मान डोलवा आणि तेलाची बाटली पण घ्या.

बरं, लोहचुंबक लावून बघणारे पण भेटतात, चिकटलं म्हणजे नकली स्टेनलेस असं सांगतात. ४१६ ला चुंबक चिकटतोच, त्यात फसवणूक काही नाही.

फिनिशबद्दल अजून एक. चकचकीत स्टेनलेसपेक्षा मॅट स्टेनलेस शिकारीला बरं कारण उन्हात चमकत नाही, पण बीड ब्लास्टिंग केलेला खरखरीत पृष्ठभाग ओल आणि घाम जास्त धरून ठेवतो, त्यामुळे त्यावर तांबूस ठिपके आधी येतात. म्हणजे मॅट घ्या, फक्त तेलाचा हलका हात जास्त वेळा फिरवा.

सेराकोट हा सिरॅमिक मिसळलेला पॉलिमरचा थर, स्प्रेने मारून भट्टीत तापवून पक्का करतात. नीट लावला तर गंजाविरुद्ध फार चांगला, साध्या क्रोम-मॉलीवर लावला तरी. त्याची अडचण अशी की तो बाहेरून लागतो, नळीच्या आतून, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत), बोल्टच्या घासणाऱ्या भागांवर बहुतेक वेळा नसतो. नायट्रायडिंग म्हणजे वेगळा थर न चढवता स्टीलचा पृष्ठभागच कडक करणं, ते नळीच्या आतून पण होतं आणि साध्या स्टीलला त्याचा गंजाविरुद्ध चांगला फायदा होतो.

माझा क्रम असा: दोघांच्या किमतीत फार फरक नसेल तर स्टेनलेस, फरक डोळ्यात भरण्याइतका असेल तर सेराकोट किंवा नायट्राइड केलेली क्रोम-मॉली, आणि अगदीच हात आखडता असेल तर साधी ब्लूइंगची रायफल घेऊन तिला स्वतः रंग मारायचा. हो, रंग. बंदुकीसाठीचे स्प्रे रंग मिळतात, नळी आणि रिसीव्हर (नळीच्या मागचा, बोल्ट बसतो तो भाग) बाहेरून पूर्ण तेलमुक्त करून, नळीचं तोंड, चेंबर, ट्रिगर आणि बोल्टवे (बोल्ट सरकतो ती वाट) टेपने झाकून पातळ दोन-तीन हात मारले की काम होतं. दिसायला काही फार भारी होत नाही, पण पावसाला दिसण्याचं काय पडलंय.

पायरी ३: स्टॉक, आणि इथे घाई करू नका

लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि फुगून नळीला एका बाजूने दाबायला लागतं. मग काल बरोबर लागणारी रायफल आज वेगळीकडे मारते आणि माणूस स्कोपला शिव्या घालत बसतो. लॅमिनेट लाकूड म्हणजे पातळ थर रेझिनने चिकटवलेलं, ते साध्या लाकडापेक्षा खूप स्थिर असतं पण जड असतं. ओल्यासाठी आणि खिशासाठी दोन्हीकडून सिंथेटिकच बरा.

पण स्वस्त सिंथेटिक स्टॉकच्या दोन भानगडी असतात. पहिली, फोरएंड (स्टॉकचा नळीखालचा पुढचा भाग) लवचिक असतो. दुकानात एक साधा कागदाचा तुकडा नळी आणि फोरएंडच्या मधून घाला आणि मागे रिसीव्हरपर्यंत ओढत न्या, अडकला नाही पाहिजे. मग फोरएंड टेबलाच्या कडेवर किंवा पिशवीवर टेकवून, रायफल हलकीशी खाली दाबून तेच परत करा. आता कागद अडकला तर टेकून मारताना फोरएंड नळीला लागणार. ही गोष्ट आतून थोडं घासून सुधारता येते, म्हणून फक्त यासाठी रायफल नाकारू नका, पण भाव करताना तोंडी लावायला बरी असते.

दुसरी भानगड पाण्याची. बरेच स्वस्त सिंथेटिक स्टॉक मागून पोकळ असतात आणि रिकॉइल पॅडच्या (खांद्याला टेकणाऱ्या रबराच्या) फटीतून, स्लिंगच्या (खांद्याच्या पट्ट्याच्या) स्क्रूमधून पाणी आत जातं. दिवसभर पावसात फिरून आल्यावर रायफल कानाजवळ धरून हलवली तर आत चक्क डुचमळण्याचा आवाज येतो. आणि रायफल तोंड वर करून उभी ठेवली तर ते पाणी पॅडच्या स्क्रूभोवती बसून राहतं, आणि ते स्क्रू स्टेनलेस नसतात. त्यामुळे विकत घेताना पॅड दोन स्क्रूंनी निघतो का चिकटवलेला आहे ते बघा, निघणारा हवा.

लाकडी स्टॉकची रायफल आधीच घरात असेल तर ती टाकून द्यायची गरज नाही. बाहेरून पॉलिश झकास असतं पण नळीची खाच, मॅगझिनची (काडतुसं भरायच्या कप्प्याची) जागा आणि पॅडच्या खालचं लाकूड बऱ्याचदा कोरंच सोडलेलं असतं, तिथूनच पाणी शिरतं. या तिन्ही जागी पातळ व्हार्निशचे दोन-तीन हात दिले तर अर्धा प्रश्न मिटतो.

पायरी ४: खोलता येते का

बोल्ट अ‍ॅक्शन घ्या, म्हणजे हाताने बोल्ट मागे-पुढे करून काडतूस भरायची रायफल. लिव्हर अ‍ॅक्शन आणि सेमी-ऑटो ओल्यात चालत नाहीत असं नाही, पण त्यांच्या पोटात कोपरे जास्त आणि ते खोलून पुसणं हा वेगळाच कार्यक्रम होतो. बोल्ट अ‍ॅक्शनचा बोल्ट बाहेर काढला की नळी मागून सरळ दिसते, पॅच (पुसायचा कापडाचा तुकडा) मागून घालता येतो, पाणी खाली वाहून जातं.

मग बोल्ट स्वतः खोलून बघा, किंवा दुकानदाराला समोर खोलून दाखवायला सांगा. काही रायफलींचा बोल्ट हत्याराशिवाय फिरवून सुटा होतो, काहींना अ‍ॅलन की लागते, काहींना खास जिग (बोल्ट पकडून खोलायचं साधन) लागतो. पाणी बोल्टच्या आत फायरिंग पिनच्या स्प्रिंगपर्यंत जातंच, आणि ती स्प्रिंग जवळपास नेहमी साध्या स्टीलची असते, मग बाहेरची रायफल कितीही स्टेनलेस असू दे. जिगवाला बोल्ट असेल तर जिग रायफलीसोबतच घ्या, नाहीतर ते काम उद्यावर ढकललं जातं आणि उद्या कधी येत नाही.

मॅगझिन आतच बसवलेलं आणि खाली झडप असलेलं, किंवा काढता येणारं, दोन्ही चालतात. काढता येणारं प्लास्टिकचं मॅगझिन गंजत नाही आणि झटकून कोरडं होतं, पण चिखलात पडून हरवलं की रायफल एकेरी गोळीची झाली, त्यामुळे एक जास्तीचं घेऊन ठेवा. बोल्टचं हँडल ओल्या हातमोज्यात नीट धरता येतं का, सेफ्टी गारठलेल्या अंगठ्याने हलते का, हे पण दुकानातच हातमोजे घालून बघा, हसले तर हसू द्या.

पायरी ५: नावं

नावाशिवाय मार्गदर्शन म्हणजे नुसत्या गप्पा, म्हणून सांगतो.

सगळ्यात खालच्या पायरीवर सॅव्हेज अ‍ॅक्सिस, साधारण २०१० पासून बाजारात आहे, स्टेनलेस आवृत्ती मिळते. स्टॉक लवचिक आहे, रुपडं साधं आहे, पण नळी चांगली मारते. साध्या अ‍ॅक्सिसपेक्षा अ‍ॅक्सिस २ घ्या, त्यात अ‍ॅक्युट्रिगर, म्हणजे दाब कमी-जास्त करता येणारा ट्रिगर, येतो.

रुगर अमेरिकन २०१२ ची. तीन लग्जचा (बोल्ट घट्ट बंद ठेवणाऱ्या उंचवट्यांचा) बोल्ट, ७० अंश उचलला की उघडतो, ट्रिगर स्वतः अ‍ॅडजस्ट करता येतो, आणि ऑल-वेदर नावाने स्टेनलेस मिळते. २०२३ च्या शेवटी आलेल्या दुसऱ्या पिढीत सेराकोट आणि बरा स्टॉक आहे. किमतीच्या मानाने मला ही जास्त पटते.

त्याच्या वर टिक्का. फिनलंडमधल्या रीहीमाकी गावी साकोच्या कारखान्यात बनते, टी३ आली २००३ मध्ये आणि सुधारलेली टी३एक्स २०१६ मध्ये. लाइट स्टेनलेस आवृत्ती स्कोपशिवाय तीन किलोच्या आत. बोल्ट लोण्यासारखा चालतो आणि हत्याराशिवाय खोलता येतो, आणि ओल्या जंगलात चालणाऱ्या लोकांच्या हातात ही इतकी दिसते त्याला कारण आहे. स्वस्त म्हणता येणार नाही, पण एकदाच घ्यायची असेल आणि थोडं थांबून पैसे साठवता येत असतील तर इथे थांबा.

हावा १५०० जपानी, वजनाने जरा जड पण घट्ट बांधणीची, आणि वेदरबी व्हॅनगार्ड म्हणजे हावाच्याच अ‍ॅक्शनवरची रायफल. दोन्हीत हवामानाला टिकणाऱ्या आवृत्त्या मिळतात. रुगर एम७७ हॉकआय स्टेनलेस मिळाली तर तिचा मोठा माउजर पद्धतीचा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढणारी पकड) चिखलात पण रिकामं काडतूस खेचून काढतो, नवीन महाग पडते, जुनी मात्र शोधण्यासारखी.

कॅलिबरवर वेळ घालवत नाही. .३०८ विंचेस्टर, .३०-०६, ६.५ क्रीडमूर, .२७०, ७एमएम-०८, यातलं तुमच्या शिकारीला योग्य, तुमच्या इथे चालणारं आणि नेहमी मिळणारं घ्या. दाट झाडी असेल तर २० ते २२ इंची नळी पुरते.

पायरी ६: जुनी घेताना

कमी पैशात सगळ्यात चांगला सौदा जुन्या स्टेनलेसमध्ये होतो आणि सगळ्यात वाईट पण तिथेच. बाहेरून चकाचक केलेली रायफल बघून भाळू नका. आधी ती रिकामी आहे का ते स्वतः बोल्ट उघडून, चेंबरमध्ये बोट घालून बघा. मग मालकाला म्हणा, अ‍ॅक्शन (नळी आणि रिसीव्हर मिळून) स्टॉकमधून बाहेर काढायचीय. साधे दोन-तीन स्क्रू असतात. काढू देत नसेल तर नमस्कार करून निघा.

बाहेर काढली की उलटी करा आणि स्टॉकच्या कडेला समांतर जी रेषा जाते तिथे बघा, वर स्वच्छ आणि रेषेच्या खाली लगेच तपकिरी असं दिसतं कारण पाणी त्या फटीत येऊन थांबतं. वरवरचा तांबूस रंग तेल आणि बारीक स्टील वूलने निघतो, त्याची काळजी नाही. नख फिरवून बघा, नख खड्ड्यात अडकलं तर ते पिटिंग, आणि ते जात नाही. तसंच रिकॉइल लगच्या (धक्का स्टॉकवर घेणाऱ्या पट्टीच्या) मागे, स्क्रूंच्या टोकांवर, मॅगझिनच्या विहिरीच्या कोपऱ्यात, स्कोप बेसच्या कडेने बघा. बोल्टच्या तोंडावर फायरिंग पिनच्या भोकाभोवती आणि एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत बारीक टॉर्च मारा.

नळीत आधी स्वच्छ पॅच फिरवायला सांगा, तेल भरून ठेवलेल्या नळीत खड्डे दिसत नाहीत. मग मागून उजेड घेऊन बघा, चर कडा धरून दिसले पाहिजेत. नळीच्या तोंडाची गोल कड, म्हणजे क्राउन, कापसाचा बोळा फिरवून बघा, कुठे तंतू अडकले तर तिथे ओरखडा आहे. बाहेरून दोन डाग असलेली पण आतून स्वच्छ रायफल घ्यायला हरकत नाही, उलटं मात्र घेऊ नका. जुन्या लष्करी मालात क्षार सोडणारे प्रायमर (काडतुसाच्या बुडातला पेट घेणारा भाग) वापरलेले असू शकतात, पोटॅशियम क्लोराइड नळीत राहतं आणि हवेतली ओल खेचून घेतं, त्यामुळे तिथे चेंबरच्या पुढचा भाग जास्त निरखून बघा.

पायरी ७: स्कोपला पैसे ठेवा

रायफलीवर सगळं बजेट उडवून वर मिळेल तो स्कोप बसवणारे खूप आहेत, आणि पहिल्या पावसात काच आतून धुरकटली की ती रायफल काठीच्या कामाची. आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला, पूर्ण वॉटरप्रूफ म्हणून कंपनीने लेखी सांगितलेला साधा ३-९×४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, ४० मिमी काचेचा) स्कोप पुरे आहे. मोठी मॅग्निफिकेशन, दिव्याचा रेटिकल (आतली नेमाची खूण) वगैरे नंतर बघू.

घरी आणल्यावर परीक्षा सोपी. बादलीत कोमट पाणी घ्या, टरेटच्या (नेम जुळवायच्या बटणांच्या) टोप्या घट्ट लावा, स्कोप पूर्ण बुडवा आणि दोन-चार मिनिटं बघत बसा. पृष्ठभागाला चिकटलेले बुडबुडे सुरुवातीला सुटतात ते सोडून द्या, पण एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ निघत राहिली तर तिथली सील गेलीय, लगेच परत द्या. ही परीक्षा फक्त वॉटरप्रूफ लिहिलेल्या स्कोपचीच करायची आणि रायफलीवर बसवायच्या आधी करायची.

पायरी ८: वापरायच्या आधी एक संध्याकाळ

नवीन रायफल असली तरी आधी पूर्ण खोला. कारखान्यातलं तेल हे शेल्फवर टिकण्यासाठी असतं. अ‍ॅक्शन बाहेर काढा, सगळं पुसा, आणि नळीच्या खालच्या बाजूला, रिसीव्हरच्या पोटाला, म्हणजे स्टॉकमध्ये झाकल्या जाणाऱ्या भागाला फर्निचरचं किंवा गाडीचं घट्ट मेण लावून फडक्याने चोळा. तेल वाहून जातं, मेण बसून राहतं. इथे दहा मिनिटं घातली की वर्षभर निवांत. स्क्रूंच्या आट्यांना ग्रीसचा ठिपका द्या, म्हणजे ओल शिरत नाही आणि पुढच्या वेळी स्क्रू रडत निघत नाही. मग स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (जोराच्या मापाला) आवळा.

स्कोप बेस काढून त्याखाली पण मेणाचा पातळ हात द्या. बेसचे स्क्रू मात्र उलटे, त्यांना तेल-मेण लागू देऊ नका, स्वच्छ करून निळा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा डिंक) लावा, तो पकडतो पण आणि पाणी पण अडवतो. स्लिंगचे स्विव्हल, रिंगचे स्क्रू शक्यतो स्टेनलेस करून घ्या, किंमत किरकोळ असते.

बोल्टच्या लग्जना ग्रीस हवंच, आणि स्टेनलेसवर तर जास्तच, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं घासलं की पृष्ठभाग एकमेकांना ओरबाडून चिकटायला लागतात. ट्रिगरमध्ये मात्र तेल ओतू नका. तेल तिथे धूळ धरतं आणि थंडीत घट्ट होतं, ट्रिगर कोरडाच बरा. बर्फात जायचं असेल तर बोल्टच्या आतलं तेल पण पूर्ण काढून अगदी नावापुरतं पातळ तेल ठेवा, नाहीतर फायरिंग पिन आळसावते आणि प्रायमर फुटत नाही.

तेलाच्या नावांवरून लोक भांडतात. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठीच बनवलेलं, सुरुवातीला अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून वापरलं गेलं, आणि आजही पाणी हटवायला उत्तम. पण तो थर फार दिवस टिकत नाही, त्यामुळे त्याच्यावर दुसरं तेल लावावंच लागतं. बॅलिस्टोल १९०४ पासूनचं, लाकूड-चामड्याला पण चालतं. खाऱ्या हवेत लॅनोलिनवालं (लोकरीच्या मेणाचं) काहीतरी घ्या, चिकट असतं पण हटत नाही.

पायरी ९: पावसात असताना

नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक तुकडा आडवा लावा. गोळी तोंडापर्यंत यायच्या आधीच तिच्या पुढची हवा टेप उडवून लावते, त्यामुळे टेप असताना मारलं तरी चालतं आणि नेमही बिघडत नाही. पण नळीच्या आत कधीच काही कोंबायचं नाही, बूच नाही, कापूस नाही, फडकं नाही. नळीत अडथळा असताना गोळी सुटली तर नळी फुगते किंवा फुटते.

पाण्याचं पण तेच. रायफल ओढ्यात पडली, तोंड चिखलात गेलं, तर काय दिसतंय याचा विचार न करता आधी रिकामी करा, बोल्ट काढा, तोंड खाली धरून पाणी निघू द्या आणि उजेड आरपार दिसतोय का बघा. बारीक कॅलिबरच्या नळीत पाण्याचा थेंब अडकून बसतो, नुसतं झटकून जात नाही, म्हणून खिशात गुंडाळता येणारी दोरीची साफसफाई ठेवा आणि एकदा ओढून घ्या. मझल ब्रेक (तोंडावरचा, धक्का कमी करणारा भाग) किंवा सायलेन्सर असेल तर त्यात पाणी साठतं, रात्री सायलेन्सर रायफलीवर तसाच ठेवला तर त्यातली वाफ नळीत उतरून नळी आतून गंजते, त्यामुळे काढून वेगळा वाळवा.

चालताना रायफल तोंड खाली करून खांद्याला अडकवता आली तर पाऊस आत जात नाही, फक्त तोंड दगड-चिखलाला लागत नाही ना इकडे लक्ष ठेवा. स्कोपला पारदर्शक नसलेल्या झटपट निघणाऱ्या टोप्या, आणि खिशात एक कोरडं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत. आणि थंडीत आयपीसवर (डोळ्याकडच्या काचेवर) श्वास सोडू नका, अर्ध्या वेळेला धुकं हे स्कोपचं नसतं, आपलंच असतं.

पायरी १०: परत आल्यावर

थंडीतून एकदम उबदार खोलीत आणलं की रायफलभर दव धरतं, आतून पण. त्यामुळे एकतर ती बाहेरच्या थंड पण सुरक्षित, कुलूपबंद जागेत ठेवा किंवा आत आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच पुसायला घ्या, आधी पुसलं तर परत ओली होते. फोमच्या केसमध्ये ओली रायफल बंद करून झोपी जाणं हा गंज लावायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग, फोम रात्रभर ओल धरून बसतो. चामड्याच्या केसमध्ये तर दीर्घकाळ ठेवूच नका.

खारं पाणी लागलं असेल तर आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा आणि मग गोड पाण्याने धुवा, हो, रायफलीवर पाणी ओता, मीठ तेलाने जात नाही. मग बोल्ट बाहेर, मॅगझिन बाहेर, अ‍ॅक्शन स्टॉकमधून बाहेर, पुसा, फटीत पाणी हटवणारं तेल, ते निथळू द्या, मग टिकाऊ तेलाचा पातळ हात. बोल्टची स्प्रिंग काढून पुसा. पॅड सोडवून स्टॉकची ती मोकळी बाजू खाली करून ठेवा. रोजच्या साध्या पावसाला एवढं सगळं नको, नळी, बोल्ट आणि बाहेरून पुसणं पुरे, अ‍ॅक्शन बाहेर काढायची ती दिवसभर भिजल्यावर किंवा फेरी संपल्यावर.

सारखं काढघाल केलं की झिरो (जुळवलेला नेम) हलेल अशी भीती घालतात, थोडा हलू शकतो, म्हणून दर वेळी त्याच क्रमाने, त्याच टॉर्कला स्क्रू आवळा आणि पुढच्या शिकारीआधी दोन-तीन गोळ्या मारून तपासा.

कपाटात आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, साधं हायग्रोमीटर आत टाकलं की कळतं. सिलिका जेल चालतं पण ते एकदा भरलं की काम थांबवतं, ओव्हनमध्ये १२० अंशाला दोन-एक तास तापवून परत कोरडं करावं लागतं, आणि रंग बदलणारं घेतलं तर विसरायला होत नाही. काडतुसं वेगळी, कुलपात, कोरड्या डब्यात. भिजलेली काडतुसं पुसून त्याच फेरीत संपवा, पितळेवर हिरवट डाग चढलेली मारू नका.

पुढच्या वेळी निघायच्या आधी नळीतून एक कोरडा पॅच काढा, नळीत तेल राहिलं तर पहिली गोळी जरा वेगळीकडे लागू शकते, आणि टेप लावायच्या आधी बोल्ट काढून नळीतून उजेड आरपार दिसतोय ना तेवढं बघून घ्या.